इंजिन काढलं तरी झाकण गरम

या सदरात लोक लिहितात ते मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. चिंचेखालची बाई, रस्त्यात हात दाखवणारा माणूस, मागच्या सीटवर बसलेलं कुणीतरी... मी जळगाव-धुळे रस्त्यावर उभा जन्म गाडी चालवली. एकही बाई दिसली नाही. दिसली ती रानडुकरं आणि पिऊन गाडी हाकणारे लोक. भूत असतं तर ते माझ्या गाडीला आधी आडवं आलं असतं, कारण तेव्हा त्या रस्त्यावर माझ्याइतका दुसरा कोणी नसायचा.

मी चौथीतून शाळा सोडली. पण अक्षर चांगलं आहे, आणि हे मीच लिहितोय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. घरी आम्ही अहिराणी बोलतो. इथे पुस्तकासारखं लिहायचा प्रयत्न करतो. बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवलंय, ते बदललं की मलाच खोटं वाटतं.

गाव पारोळा. किल्ल्याच्या बाजूला आमचं घर, मागे मोकळी वाडी, वाडीत एक कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली माझी मॅटाडोर. तरुण मुलांना मॅटाडोर माहीत नसेल म्हणून सांगतो. तिचं इंजिन पुढे नाकात नसतं. ते ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, केबिनमध्येच असतं, आणि त्याच्यावर एक लोखंडी झाकण असतं. गाडी चालली की ते झाकण तापतं. उन्हाळ्यात शिव्या घालायच्या, थंडीत हात शेकायचे.

मी आणि माझी बायको, मंगलची आई, आम्ही त्या गाडीत स्टीलची भांडी घालून आठवड्याचे बाजार करायचो. मी गाडी चालवायचो, ती भांडी विकायची. गिऱ्हाईक मला घाबरायचं, तिच्याशी बोलायचं. डाव्या सीटवर ती बसायची आणि उजवा हात त्या झाकणाच्या तिच्याकडच्या कोपऱ्यावर ठेवायची. मी म्हणायचो, "हात भाजी जाई." ती म्हणायची, "तुनापेक्षा कमी गरम शे."

गेल्या पौषात ती गेली. झोपेत. सकाळी उठवायला गेलो तर उठली नाही. एवढंच.

मी रडलो नाही. लोक आले, बसले, गेले. मी चहा सांगत होतो, चपला कुठे काढायच्या ते दाखवत होतो. आमची मंगल — एकुलती एक, धुळ्याला देवपुरात दिलेली — ती माझ्याकडे बघत होती. दहाव्याचं झालं आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, तुना डोयामा पानीबी नही उनं. तू दगड शे."

मी म्हटलं, "बरं."



तिला मॅटाडोरमधून धुळ्याला सोडलं. परत येताना फागणे गावाजवळ इंजिनातून ठोका यायला लागला, मग मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम. एका ट्रकवाल्याने साखळी लावून गाडी घरापर्यंत ओढून आणली. लिंबाखाली उभी केली. मी घरात जाऊन झोपलो.

आता आखाजीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तो लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजोरी ठेवायची, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरच्या माणसाला जावं लागतं, याला मूळ लावणं म्हणतात. हे काम भावाचं. मंगलला भाऊ नाही. म्हणून तिचं लग्न झाल्यापासून मी आणि तिची आई मॅटाडोर घेऊन तिच्या दारात उभे राहायचो. बाप मूळ म्हणून येतो म्हणून तिच्या सासरचे सुरुवातीला हसले. मग हसायचे थांबले.

होळी झाल्यावर मी तिला फोन लावला. आईची पहिली आखाजी. लेक आली नाही तर पुढे येणार नाही, हे मला न शिकता कळतं.

मंगल म्हणाली, "औंदा मूय लावू नको. माय नही तठे काय येवानं?"

"घागर भरानी शे. तू येशी."

"कसामा लई जाशी? गाडी तं मरी गयी."

"गाडी व्हई जाई."

ती मग म्हणाली, "बरं. तुनी मॅटाडोर मन्हा दारमा उभी ऱ्हायनी तं येसू. नही तं नही. एस्टीमा बशीसन येवू नको, मी दार उघाडनार नही."

हट्ट कुणाचा आहे ते मला माहीत होतं. माझाच आहे, तिच्या अंगात गेलाय. मी म्हटलं, "दार उघाडं ठेव," आणि फोन ठेवला.

युनूस मिस्त्री माझा जुना दोस्त. आमची उमर सारखीच, फक्त तो जास्त बोलतो. जळगावच्या भंगार बाजारात एका शाळेच्या मॅटाडोरचं चांगलं इंजिन आहे असं त्यानेच कळवलं होतं, आणि ते आम्ही विकत घेऊन आल्यावर माझी गाडी बघून तोच म्हणाला, "भाऊ, दी टाक भंगारमा. हाई गाडी आते कोंबड्यास्ना कामनी."

"कोंबड्या ठेवसू आनी तुले राखन बसाडसू," मी म्हटलं. "पाना दे."

मॅटाडोरचं इंजिन आम्ही वर उचलून काढत नाही, खाली उतरवतो. मधलं झाकण काढायचं. दोन्ही दरवाज्यांतून आरपार जाड पाइप घालायचा, पाइपाची दोन्ही टोकं बाहेर लाकडी घोड्यांवर टेकवायची, पाइपाला चेन कुप्पी, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी टांगायची. रेडिएटरचे होस, डिझेलच्या नळ्या, वायरी, सायलेन्सर, सगळं सोडवायचं. शेवटी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे बोल्ट. मग कुप्पीची साखळी हळूहळू सोडत इंजिन खाली जुन्या टायरवर बसवायचं, गाडीचं नाक जॅकने वर उचलून ओंडक्यांवर ठेवायचं, आणि टायरसकट इंजिन खालून ओढून काढायचं. दोन म्हाताऱ्यांनी केलं ते. एका बोल्टने दिवसभर ऐकलं नाही. युनूस त्याला नाव घेऊन शिव्या देत होता, माहीत नाही कुणाचं नाव. मी साखळी ओढत राहिलो. हात दुखतायत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

जुनं इंजिन निघालं. नवीन तिथेच ताडपत्रीवर होतं, त्याला अजून धुवायचं, तेलाचं सील बदलायचं होतं. गाडीच्या मध्ये भोक राहिलं. आत वाकून बघितलं तर सरळ खालची माती दिसायची, तेल पडून काळी झालेली. मांजरी आत शिरू नयेत म्हणून मी झाकण परत जागेवर ठेवून दिलं. बोल्ट न लावता, नुसतं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस उगवायच्या आधी, चहाचा कप घेऊन मी गाडीत जाऊन बसलो. घरात बसवत नव्हतं म्हणून. चैत्र होता पण पहाटे गारवा असतो. स्टिअरिंग गार, दरवाजा गार. चहा ठेवायला म्हणून हात झाकणावर टेकवला.

गरम.

चटका नाही. गाडी थोडी चालून आल्यावर असतं तेवढं.

मला वाटलं, गरम कप धरलेला हात आहे म्हणून असेल. दुसरा हात ठेवला. गरमच. आणि सगळं झाकण नाही... माझ्या बाजूला ते लोखंडासारखं लोखंड होतं. डावीकडचा कोपरा तेवढा गरम.

लोक लिहितात की अंगावर काटा आला, घाम फुटला. माझ्या अंगावर काही आलं नाही. मी हात तिथेच ठेवून चहा प्यालो. कप धुतला. कामाला लागलो.

पुढच्या दिवशी पण तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी पण. दिवस वर आला की बाकीचं लोखंड तापायचं आणि फरक कळेनासा व्हायचा, पहाटे मात्र साफ कळायचं. मी मिस्त्रीच्या डोक्याने बघितलं. बॅटरी? ती इंजिनाआधीच काढून ओसरीत ठेवली होती. मांजर? मांजर असती तर केस असते, वास असता. एक दिवस झाकण उचलून दिवसभर आणि रात्रभर लिंबाखाली ठेवलं. पहाटे बघितलं, गार. परत भोकावर ठेवलं. दुसऱ्या पहाटे तो कोपरा गरम.

तेव्हा मी युनूसला म्हटलं, "उद्या नमाज झाली का सरळ इकडे ये. घरी जाऊ नको."

तो आला. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं झाकणाला हात लाव. त्याने लावला. मग हात काढला आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"ऊन लागनं व्हई," तो म्हणाला.

"सूर्य कोठे शे?"

"कालदिननं ऊन."

"मंग स्टिअरिंग गार कसं?"

त्याने स्टिअरिंग धरून बघितलं. मग खाली उतरला, गाडीखाली शिरला. या वयात. भोकातून हात वर घातला आणि झाकणाची आतली बाजू चाचपली. खालून ओरडला, "आथीन गार शे रे!"

मी वरून कोपऱ्यावर हात ठेवला होता. वरून गरम, आतून गार. पातळ पत्रा आहे तो. असं होत नाही. आतून तापतं तेव्हाच वर येतं, आम्ही दोघांनी जन्मभर तेच बघितलंय.

युनूस बाहेर आला, कपडे झटकले. गावात त्याच्यासारखा बोलका माणूस नाही. तो म्हणाला, "भाऊ, मी काही पाह्यं नही. माले काही इचारू नको." आणि बिडी पेटवून लिंबाखाली जाऊन बसला. त्या दिवसापासून तो गाडीच्या डाव्या दरवाज्याने चढला नाही. पाना डाव्या बाजूला पडला असेल तर वळसा घालून उजवीकडून यायचा आणि हात लांब करून घ्यायचा.

आणि मी काम लांबवायला लागलो.

ते आधी माझ्या लक्षात आलं नाही. नवीन इंजिन धुतलं. परत धुतलं. हेड खोलून बघितलं, काही नव्हतं, परत बसवलं. नटबोल्ट डिझेलमध्ये घालून ब्रशने घासले. पहाटे चहा, कोपऱ्यावर हात, मग हीच कामं. बरं वाटत होतं असंही म्हणणार नाही. काहीच वाटत नव्हतं. पण पहाट झाली की पाय तिकडे जायचे.

युनूस चिडला. "आखाजी तोंडवर उनी. तू इंजिन बसाडी ऱ्हायना का नवरी सजाडी ऱ्हायना?"

"सील बरोबर नही."

"सील मी लावेल शे. मन्हं सील बरोबर नही म्हनस?"

"पाहू उद्या."

"तुले पोरले आनानं शे का नही?" तो म्हणाला. "का तुले हाई भोकच बरं वाटस?"

मी ब्रश उचलून नटबोल्ट घासायला लागलो. कारण त्याने बरोबर ओळखलं होतं. मला वाटत होतं — का वाटत होतं ते सांगता येत नाही — की ती जागा रिकामी आहे तोवरच ते आहे. जागा भरली, इंजिनाने एकदा धडधड केली, की संपलं. कुणी सांगितलं नव्हतं. झाकण लिंबाखाली गार पडतं आणि त्या भोकावर गरम होतं, यावरून मीच ठरवलेलं. चूक असेल. पण इंजिन बसवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बघितल्यावर परत मागे येता येणार नव्हतं.

एका दुपारी मंगलचा फोन आला. आई गेल्यापासून तिने स्वतःहून केलेला पहिला.

"व्हयनी का गाडी?"

"व्हई ऱ्हायनी."

"मी काही वाट नही पाही ऱ्हायनी. सहज इचारं."

"बरं."

"सासूबाई म्हने, यंदा तुन्हा बाप येवाव नही."

"सासूबाईले सांग, चहा मांडी ठेव."

ती हसली नाही. पण लगेच फोनही ठेवला नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "जेवस का टाइमवर?" मी म्हटलं, हो. खोटं होतं. तिने फोन ठेवला.

मी युनूसच्या घरी गेलो आणि म्हटलं, "चाल. सकाळी बसाडू."

दुसऱ्या पहाटे मी चहा घेतला नाही. नुसता जाऊन बसलो आणि हात ठेवला. होतं. उजाडेपर्यंत ठेवला. काही बोललो वगैरे नाही, मी तसला माणूस नाही. युनूस आल्यावर झाकण उचललं आणि ओसरीत नेऊन ठेवलं.

इंजिन खालून आत ओढलं, साखळीने वर घेतलं, फाउंडेशन जुळवलं. पहिल्याच खेपेला बोल्ट भोकात बसले. युनूस म्हणाला, "पाह्यं का, हाई बी थकेल व्हतं वाट पाहीसन." नळ्या, होस, वायरी. दोन दिवस गेले. झाकण लावलं, या वेळी बोल्टने आवळलं. स्टार्टर मारला. खोकलं, धूर सोडला, बंद पडलं. परत मारला. लागलं. युनूस वाडीभर नाचला. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या.

पुढच्या पहाटे, इंजिन रात्रभर निवल्यावर, मी जाऊन हात ठेवला. डावा कोपरा. उजवा कोपरा. सगळीकडे सारखं.

गार.

बरं, म्हटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी धुळ्याला गेलो. एकटा. इंजिन चांगलं चाललं. मंगलच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न द्यायच्या आत ती बाहेर आली. पिशवी दाराशीच भरून ठेवलेली होती. मला म्हणाली, "उशीर कया आबा." सासूबाईंनी चहा मांडला होता. मी उभ्यानेच प्यालो आणि गाडीची तारीफ ऐकून घेतली.

मंगल डाव्या सीटवर बसली. तिथेच बसणार, दुसरी सीट कुठे आहे? धुळं सोडलं. ती पुढे बघत होती. फागणं मागे गेल्यावर मी सांगायला सुरुवात केली. मी कधी काही सांगत नाही, त्यामुळे मला सांगताही येत नाही. इंजिन काढलं तिथून सुरू केलं. बोल्ट, साखळी, टायर, सगळं. मग झाकणाचं सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं. वरून गरम, आतून गार, ते सांगितलं. युनूस डाव्या दाराने चढत नाही तेही सांगितलं. मला वाटलं हसेल. नाहीतर रागवेल, की आई गेली तेव्हा रडला नाहीस आणि आता गोष्टी सांगतोस.

तिने एवढंच विचारलं, "किती दिन व्हतं?"

"इंजिन बाहेर व्हतं तोपावत."

"आनी बसाडावर?"

"गार."

इंजिनाचा आवाज मोठा आहे, ती ओरडूनच बोलत होती. "तुले माहीत व्हतं, गार व्हई जाई?"

"वाटे माले."

"मंग बसाडं कसाले, आबा?"

मी म्हटलं, "तुले लेवाले येवानं व्हतं."

मुकटी गाव आलं, गेलं. मी गाडी बाजूला घेतली. का घेतली माहीत नाही. समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. इंजिन चालूच ठेवलं, नवीन बसवलेलं, बंद केलं तर परत लागेल याचा भरवसा नव्हता. मंगलने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पी ले. घाई नही."

घागर तिने भरली. लेकीने भरायची पद्धत नाही, पण आमच्याकडे दुसरं कोण आहे, आणि कुणाची बोलायची हिंमत झाली नाही. निखाऱ्यावर घास मी टाकला. ती आखाजीनंतरही राहिली, जाताना दिवाळीचं विचारून गेली.

गाडी अजून लिंबाखालीच असते. अधूनमधून पहाटे मी हात ठेवून बघतो. गारच असतं. युनूस अजून ऊनच म्हणतो, आणि उजव्या दाराने चढतो. मंगलला काय वाटतं ते ती बोलत नाही. तुम्ही वाचणारे शिकलेले लोक आहात, तुमच्याकडे काही उत्तर असेल तर असो. मी उमरभर कुणापुढे "मला माहीत नाही" म्हटलेलं नाही. इथे लिहून देतो. मला माहीत नाही.